बर्गंडीत ग्रॅव्हल : किलोमीटर मोजण्याआधी माती बघा

तुमचा प्रश्न असा : २०२७ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही दोघे मित्र पुण्याहून पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस (पीबीपी) या ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-ब्रेव्हेला येणार. ती संपली की हातात सात दिवस उरतात आणि त्यात डांबर सोडून फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून, टेकड्यांतून ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरची सायकल-भटकंती, करायचंय. आराखड्यात लिहिलंय : ओसेर ते ल्यों, रोज ११० किलोमीटर, ब्रेव्हेचीच सायकल, ३२ मिलिमीटरचे टायर. दोघांपैकी एक शाकाहारी. आणि शेवटी विचारलंय, ‘जमेल का?’

या आराखड्याने जमणार नाही. प्रदेश मात्र, म्हणजे फ्रान्सचा हा बर्गंडी भाग, अगदी नेमका निवडलात. मी गेली सतरा वर्षं दिजोंजवळ राहतो, त्यातली दहा-अकरा याच भागातल्या कच्च्या रस्त्यांवर घालवली आहेत, आणि उन्हाळ्यात दोन-तीनदा पाहुण्यांचे छोटे गट घेऊन फिरतो. त्यामुळे मार्ग सांगतोच, पण आधी त्या ११० चा निकाल लावू.

पहिली गोष्ट शरीराची. नव्वद तासांत १२०० किलोमीटर करून आलेल्या माणसाच्या पायांना फारसं काही होत नाही, ते दोन दिवसांत सावरतात. हात आणि बूड सावरत नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात आलेल्या मुंग्या दोन-दोन आठवडे जात नाहीत, आणि ग्रॅव्हलवर सगळा मार बसतो तो नेमका तळहाताच्या त्याच कडेवर. अशाच एका रँडोनिअर (ब्रेव्हे करणाऱ्या) पाहुण्याला मी ब्रेस्टहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मुरमाच्या रस्त्यावर घातलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला ब्रेक दाबता येईनात. चूक माझी होती. म्हणून सातांतले दोन दिवस झोपा, खा, कपडे धुवा. सायकलीला पाच दिवस ठेवा.

दुसरी गोष्ट चढाची. हा भाग उंच नाही, सर्वांत उंच टोक ९०१ मीटर. आपल्याकडचा माणूस हा आकडा बघून निर्धास्त होतो. पण सिंहगड एकदा चढलात की संपतो. इथे तोच सिंहगड कोणीतरी तीस तुकडे करून वाटेवर पसरून ठेवलाय : साठ मीटर वर, पन्नास खाली, ओढा, पूल, पुन्हा सत्तर वर. प्रत्येक तुकडा लहान, पण बारा-पंधरा टक्क्यांचा, आणि खाली सुटे खडे. उतारावरही विश्रांती नाही, कारण वळणावर काय पडलंय ते दिसत नाही. साठ किलोमीटरमध्ये बाराशे मीटर चढ सहज भरतो. सामानासह ताशी तेरा-चौदाचा वेग मिळाला तर चांगला दिवस समजा. रोज साठ-सत्तर, त्याहून जास्त नको.

आता माती, कारण या भागातला सगळा हिशेब तिच्यावर आहे. ताटात मधोमध भाताची मूद, भोवती वरणाचं तळं आणि कडेला ताटाचा काठ असतो ना, बर्गंडीच्या या भागाची रचना तशीच आहे. मूद म्हणजे मॉर्व्हाँ : ग्रॅनाइटचा जुना, झिजलेला उंचवटा. वरण म्हणजे त्याभोवतीचा सखल, चिकणमातीचा पट्टा. काठ म्हणजे चुनखडीची पठारं. तुमचा मार्ग काठावरून सुरू होतो, वरणातून मुदीवर चढतो आणि पलीकडे उतरून पुन्हा काठाला लागतो.

चुनखडीवरचे रस्ते पांढरे फक, कोरडे असताना वेगवान. पण खडी धारदार असते, टायरची बाजू कापते. ओसेरच्या पूर्वेला शाब्लीचे द्राक्षमळे ज्या मातीत आहेत तिच्यात तर नखाएवढ्या जीवाश्म शिंपल्यांचे थरच सापडतात, सगळा जुना समुद्रतळ. ग्रॅनाइट कुजून होतो तो अस्सल मुरूम : जाडा, पिवळसर, करकरीत. पाऊस पडून तासाभरात त्यातून पाणी उतरतं आणि सायकल पुन्हा पळते. मधला चिकणमातीचा पट्टा मात्र दगाबाज. जूनच्या पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या पाणंदीत सायकल घातली असेल, तर पुढचं वर्णन करायची गरज नाही. चाक फोर्कमध्ये घट्ट बसतं आणि माणूस सायकल खांद्यावर घेऊन चालू लागतो. या पट्ट्यासाठी माझा नियम साधा आहे : मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर नकाशावरची सगळी तुटक रेघ विसरायची आणि डांबरी गावरस्ता धरायचा. इथले ‘डी’ क्रमांकाचे छोटे रस्ते इतके निर्मनुष्य असतात की कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. पट्टाही रुंद नाही, तास-दीड तासात पार होतो. कुंपणांच्या चौकोनात बसलेल्या पांढऱ्याशुभ्र शारोले गाई दिसायला लागल्या की ओळखा, वरणात आलात. ही कुरणं हिरवी आहेत ती त्या पाणी धरून ठेवणाऱ्या मातीमुळेच.

मार्गाकडे वळू. पॅरिसला बेर्सी नावाचं वेगळं रेल्वे स्थानक आहे, गार द ल्योंपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून ओसेरला थेट प्रादेशिक गाडी मिळते आणि तिच्यात सायकल न मोडता, आहे तशी चढवता येते. जागा मोजक्याच असतात, शनिवार-रविवार टाळा. सायकलीचा खोका पॅरिसच्या हॉटेलात ठेवून द्या. बहुतेक जण ठेवतात, पण खोली घेण्याआधी विचारून घ्या.

पहिला दिवस, ओसेर ते वेझले, साधारण ६५ किलोमीटर. ओसेरहून निव्हेर्ने कालवा सुरू होतो. १७४ किलोमीटरचा हा कालवा योन नदीला धरून दक्षिणेला जातो. पूर्वी नावा ओढणारी माणसं आणि घोडी ज्या काठावरून चालायची तीच आता सायकलवाट आहे, कुठे डांबर, कुठे दाबून बसवलेली बारीक चुनखडी. सपाट आहे, आणि पीबीपीनंतर पहिल्या दिवशी सपाटच हवं. मेरी-सुर-योनजवळ सोस्वाचे उंच पांढरे कडे नदीवर ओणवे झालेत, गिर्यारोहक लटकलेले दिसतील. शातेल-सांस्वारला कालवा सोडायचा आणि पूर्वेला टेकड्यांत शिरायचं. खरं ग्रॅव्हल इथून सुरू होतं : गव्हाची कापून झालेली शेतं, मध्येच ओकचं रान, आणि एका चढावरून अचानक समोर वेझलेची टेकडी, माथ्यावर बाझिलिका, म्हणजे मोठं चर्च.

वेझलेला घाईने पोचू नका. सान्त मारी-मादलेनची ही बाझिलिका १९७९ मध्येच जागतिक वारसा यादीत आली. ११४६ मध्ये इथेच क्लेर्व्होच्या बर्नार या मठाधिपतीने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली होती. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या पदयात्रेचा एक मार्ग इथूनच निघतो, त्यामुळे पाठीवर शिंपला बांधलेले वारकरी रस्त्यात भेटतात. ‘वारकरी’ मी मुद्दाम म्हणतो. फोड आलेले पाय, गावोगावचा मुक्काम, अनोळखी माणसाशी दोन मिनिटांत जुळणारी ओळख, सगळं ओळखीचं वाटेल. मुक्काम वर गावात महाग पडतो. खाली सँ-पेर किंवा आक्याँ गावात बघा.

दुसरा दिवस, वेझले ते सेतों तलाव, ६० किलोमीटर आणि भरपूर चढ. सँ-पेरहून क्युर नदीच्या काठाने प्येर-पेर्त्वी, तिथे दरीवर एकाखाली एक असे दोन पूल आहेत. पुढे बाझोश, म्हणजे चौदाव्या लुईचा दुर्गबांधणी तज्ज्ञ व्होबाँ याचा वाडा. मग लोर्म. बाझोश ते लोर्म हाच आपला वरणाचा पट्टा, तिथे आकाशाकडे बघून निर्णय घ्या. लोर्मला पोचलात की खाणं भरून घ्या, पुढे दुकानं विरळ.

खाण्याचं इथेच सांगून टाकतो, कारण या वाटेवर माणूस पायांनी हरत नाही, पोटाने हरतो. फ्रेंच खेड्यात दुपारचं जेवण बारा ते दीड. दीडनंतर स्वयंपाकघर बंद, मग विनवणीला अर्थ नाही. दुकानं बारा-साडेबारापासून दुपारभर बंद. रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी पुष्कळ ठिकाणी दिवसभर बंद, आणि ऑगस्टमध्ये बेकरीवाला स्वतःच सुट्टीवर गेलेला असतो. काही गावांत ब्रेडचं यंत्र असतं, नाणं टाकलं की ‘बॅगेत’ नावाचा लांबट पाव बाहेर येतो. चेष्टा करू नका, दोनदा त्याने मला तारलंय. एक वेळचं जेवण कायम पिशवीत ठेवा. पाणी संपलं तर चर्चकडे नाही, दफनभूमीकडे जा : फुलांना घालण्यासाठी तिथे बहुतेक नळ असतो. त्यावर ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका, डोक्यावर ओता.

शाकाहारी मित्रासाठी दोन शब्द. इथे ‘मांस नको’ म्हटलं तरी सॅलडवर, अंड्यावर, बटाट्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पडतात. त्यांना ‘लार्दों’ म्हणतात, आणि वाढणाऱ्याच्या लेखी ते मांस नसतं, चव असते. म्हणून नाव घेऊन सांगा : ‘सां लार्दों, नी व्यांद, नी प्वासों’, म्हणजे लार्दों नको, मांस नको, मासे नकोत. मॉर्व्हाँची जाड धिरडी, ‘क्रापियो’, बघून तोंडाला पाणी सुटेल, पण ती बहुधा चरबीवर भाजतात, आधी विचारा. अंडं चालत असेल तर गुझेर नावाचे चीजचे फुगे कुठल्याही बेकरीत मिळतात. हलके, खारट, जर्सीच्या खिशात मावणारे. सायकलवरचं याहून चांगलं खाणं बर्गंडीने बनवलेलं नाही.

लोर्मनंतर जमीन बदलते. रस्त्याच्या कडेची माती पिवळसर होते, नेचे दिसू लागतात, हवा चार अंशांनी गार. शोमसों तलावाच्या वरून जाणारा जंगलरस्ता माझ्या मते या संपूर्ण प्रवासातला सर्वांत सुंदर तुकडा आहे. पण मॉर्व्हाँचं खरं वैशिष्ट्य तलाव नाहीत, पाणंदी आहेत. दोन्हीकडे माणसाहून उंच बांध, बांधावर जुनी हेझल आणि बीचची कुंपणं, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या खोल होत गेलेली वाट. मी कऱ्हाडकडचा, लहानपणी अशाच पाणंदीतून मळ्यावर जायचो. पहिल्यांदा इथल्या पाणंदीत शिरलो तेव्हा सायकलवरून उतरून नुसता उभा राहिलो होतो. तांत्रिकदृष्ट्या त्या सोप्या नाहीत. तळाशी मोठे गोटे, वर ओला पाला. चढावर वेग कमी पडला की मागचं चाक फिरतं. बसूनच चढा, उभे राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो.

वाटेत दँ-ले-प्लास लागेल. लहानसं गाव, चौकात स्मारक. जून १९४४ च्या शेवटी जर्मन सैन्याने इथल्या २७ पुरुषांना मारलं. हे सगळं जंगल तेव्हा प्रतिकार चळवळीच्या टोळ्यांचं लपण्याचं ठिकाण होतं. ज्या अंधाऱ्या वाटा आज आपल्याला ग्रॅव्हलसाठी आवडतात, त्याच वाटांनी ते वावरायचे. गावात सायकल चालवत जाऊ नका, उतरून हातात धरून जा. कोणी सांगत नाही, पण शोभतं.

सेतों तलावाचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधला. कारण मजेशीर आहे. पॅरिसला थंडीत जळणाचं लाकूड लागायचं आणि ते मॉर्व्हाँच्या जंगलात होतं. सोळाव्या शतकापासून लाकडाचे ओंडके ओढ्यांत सोडून देत, ते वाहत क्लामसीला येत, तिथे त्यांचे लांबलचक तराफे बांधून योन आणि सेन नद्यांवरून पॅरिसला नेत. ओढ्याला पुरेसं पाणी असावं म्हणून हा तलाव : दरवाजे उघडायचे आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर लाकूड पुढे ढकलायचं. काल ज्या नदीकाठाने तुम्ही आलात, तिच्यावरून हे सगळं गेलं. तलावाला प्रदक्षिणा सुमारे १५ किलोमीटर, संध्याकाळी पाय शिल्लक असतील तर घाला. काठावर तंबूचे तळ आहेत, ऑगस्टमध्ये आधी जागा राखून ठेवा.

तिसरा दिवस सगळ्यात अवघड आणि सगळ्यात भरीव : सेतों ते ओताँ, ६५ किलोमीटरच्या आसपास. वाट ओ-फोलँच्या जंगलातून जाते. तेच ते ९०१ मीटरचं टोक. माथ्यावर दृश्य काही नाही, झाडं आहेत. त्याच्या नैऋत्येला मों प्रेनलेच्या उतारावर योन नदीचा उगम आहे. पहिल्या दिवशी जिच्यावर मोठमोठ्या नावा पाहिल्यात ती इथे चप्पल न भिजवता ओलांडता येते. नदीच्या तोंडाकडून उगमाकडे सायकलने येण्यात जी मजा आहे ती उलट दिशेने नाही, म्हणून हा मार्ग मी कायम उत्तरेकडून दक्षिणेकडे करतो. उगमापासून थोडं पुढे गेलात की पाणलोटाची रेषा ओलांडता. अलीकडचं पाणी सेनमध्ये जातं, पलीकडचं आरू नदीतून ल्वारला. उद्या तुम्ही तिसऱ्या खोऱ्यात, सोनच्या, उतराल.

मग मों बव्रे, ८२१ मीटर. याच्या माथ्यावर बिब्राक्त होतं, फ्रान्सच्या प्राचीन गॉल लोकांपैकी एदुई जमातीची राजधानी, तटबंदीचं शहर. इसवी सनपूर्व ५२ मध्ये सीझरविरुद्ध एकवटलेल्या गॉलांनी इथेच व्हेर्सिंजेतोरिक्सला आपला सेनापती ठरवलं. त्याच वर्षी तो अलेसियाला हरला आणि सीझरने हिवाळा काढला तो याच बिब्राक्तमध्ये. पायथ्याला उत्तम संग्रहालय आहे. सायकल तिथे लावा आणि गड चालत बघा. पुण्याच्या माणसाला गड चालत बघायला सांगावं लागू नये. माथ्यावरची बीचची झाडं नीट बघा. एके काळी ती शेताची कुंपणं होती, फांद्या वाकवून, विणून आडव्या केलेल्या. माणसं गेली, कोणी छाटायला उरलं नाही, आणि त्या वाकवलेल्या फांद्यांचेच पिळदार बुंधे झाले.

या दिवशीच्या जंगलाबद्दल एक इशारा. मॉर्व्हाँत मूळचं ओक-बीचचं रान पुष्कळ ठिकाणी तोडून डग्लस फर लावलंय, रांगेत, शिस्तीत. ही झाडं तयार झाली की अख्खी टेकडी एका झटक्यात उतरवतात. गेल्या वर्षी जो रस्ता होता तिथे यंदा यंत्राच्या चाकांनी केलेले गुडघाभर चर असतात. दुसऱ्यांच्या राइडवरून बनवलेल्या उष्णता-नकाशावर रेघ ठळक दिसते, कारण ती जुन्या वर्षांची. मी एकदा अशाच ठळक रेघेवर विसंबून चौघांना घेऊन निघालो आणि तीन किलोमीटर सायकली खांद्यावर वाहिल्या. वर त्या ढिगाऱ्यात एकाचा टायर बोटभर फाटला. टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, फवाऱ्यासारखं उडालं, भोक बुजलं नाही. शेवटी जुन्या टायरचा कापलेला तुकडा आतून लावला, ट्यूब घातली आणि हळूहळू डांबराला लागलो. तेव्हापासून जुन्या टायरचा बोटभर तुकडा माझ्या पिशवीत असतोच, तुम्हीही ठेवा. आणि मार्ग आखताना राष्ट्रीय भूगोल संस्थेचा, म्हणजे ‘इञ्येन’चा, १:२५,००० चा नकाशा आणि त्याच जागेचं हवाई छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. टेकडी टक्कल दिसली की वळसा घ्यायचा.

कुठून जायची मुभा आहे हे फ्रान्समध्ये वाटेच्या जातीवर ठरतं. ‘शेमँ रुराल’ म्हणजे ग्रामपंचायतीची वाट, सगळ्यांना खुली. ‘शेमँ देक्स्प्ल्वातास्यों’ म्हणजे आजूबाजूच्या शेतकऱ्यांची सामाईक खाजगी वाट. ते सहसा जाऊ देतात, पण फलक लावून बंद करण्याचा त्यांना हक्क आहे. फेब्रुवारी २०२३ च्या कायद्यानंतर स्पष्ट फलक असलेल्या खाजगी रानात वा शेतात शिरणं हा दंडाचा गुन्हा झालाय, १३५ युरो. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ (खाजगी मालमत्ता) दिसलं की मागे फिरा. गाईंचं फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवून पुढे जा. विजेची तार असते, ओल्या हातमोज्याने धरून बघू नका.

शिकारीचा मुख्य हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो, पण रानडुकराची शिकार काही ठिकाणी १५ ऑगस्टपासूनच सुरू होते. वाटेवर ‘शास आँ कूर’ (शिकार चालू आहे) असा फलक दिसला तर ती वाट सोडा. भडक नारिंगी जाकीट सोबत असू द्या. संध्याकाळी नेच्यांतून आलात की गुडघ्यामागे, कमरेला गोचीड बघा. लाइम नावाचा आजार त्यातून होतो, आणि गोचीड जितकी लवकर निघेल तितकं बरं. प्लास्टिकचा छोटा आकडा कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो.

ओताँ रोमनांनी वसवलं, बिब्राक्तच्या डोंगरावरच्या लोकांना खाली सपाटीवर आणून. दोन रोमन वेशी अजून उभ्या आहेत, त्यांच्या कमानीखालून सायकल जाते. सँ-लाझार कॅथेड्रलच्या दारावर अंतिम न्यायाचं भव्य शिल्प आहे आणि त्यावर ‘गिस्लेबेर्तुसने हे केलं’ असं लॅटिनमध्ये कोरलंय. बाराव्या शतकातल्या कामावर असं नाव दिसणं दुर्मीळ. तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी पाय ओढत का होईना, जाऊन या.

चौथा दिवस ओताँ ते झिव्री, ६० किलोमीटर. गावाबाहेर पडताना दक्षिणेचा चढ चांगलाच दमवतो, पुढे कूशपर्यंत जंगल आणि कुरणं, आणि कूशनंतर एकदम द्राक्षमळे. मेर्क्युरे, झिव्री ही नावं वाइनच्या दुकानात वाचली असतील. मळ्यांतल्या वाटा पांढऱ्या, उघड्या आणि सावलीविना. तीव्र उतारांवर पाणी काढायला सिमेंटचे आडवे चर असतात, ते वेगात दिसत नाहीत. उष्ण वर्षी ऑगस्टच्या शेवटीच तोडणी सुरू होते. तेव्हा ट्रॅक्टरला वाट द्या आणि घडाला हात लावू नका, नाशिककडेही कोणी लावू देत नाही. व्यावसायिक शर्यतींनाही या वाटांची गोडी लागलीय : पॅरिस–तूर शर्यतीत २०१८ पासून शेवटच्या टप्प्यात मळ्यांतले कच्चे रस्ते घातले आहेत.

पाचवा दिवस झिव्री ते माकों, ७० किलोमीटर, जवळजवळ सगळा ‘व्ह्वा व्हेर्त’वरून. रेल्वेचा जुना मार्ग काढून तिथे सायकलवाट केली, झिव्री ते क्लुनी ४४ किलोमीटर. १९९७ मध्ये उघडलेली ही फ्रान्समधली या प्रकारची पहिली वाट. डांबरी आहे, ग्रॅव्हलवाले नाक मुरडतात. पाचव्या दिवशी तुमचे तळहात मुरडणार नाहीत. हात ठीक असतील तर कोर्मातँच्या आधी पूर्वेला वळून ब्रांस्यों या टेकडीवरच्या जुन्या गावावरून या, तिथे उतारावर कच्चं पुरेसं मिळेल. क्लुनीचा मठ ९१० मध्ये स्थापन झाला. रोमचं नवं सेंट पीटर्स चर्च बांधेपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च इथे होतं. क्रांतीनंतर ते दगडांसाठी फोडून विकलं, आता एक बाहू आणि मनोरा शिल्लक आहे. क्लुनीनंतर ब्वा-क्लेरचा जुना रेल्वे बोगदा, दीड किलोमीटरहून अधिक लांब. वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात. ऑगस्टमध्ये बाहेर पस्तीस अंश असले तरी आत थंडी वाजते, जाकीट हाताशी ठेवा.

सायकलीबद्दल. ३२ चे टायर पहिल्या आणि शेवटच्या दिवसाला पुरतील, मधल्या तिन्ही दिवसांना नाहीत. तुमच्या फ्रेममध्ये मडगार्ड काढल्यावर ४० बसतात का, आजच मोजून बघा. दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर मोकळे राहायला हवेत. बसत असतील तर फक्त टायर आणा, ट्यूबलेस करा. सत्तर किलोचा माणूस आणि आठ-दहा किलो सामान असेल तर पुढे ३४-३५, मागे ३७-३८ पीएसआय. नसतील बसत तर ग्रॅव्हल सायकल भाड्याने घ्या, कारण ३२ वर मॉर्व्हाँच्या पाणंदीत तुम्ही सगळा वेळ चाकासमोरची जमीन बघण्यात घालवाल. गिअर पुढे ३४ दात्यांना मागे किमान ३४ दाते, त्याहून हलका असेल तर उत्तम. सामान मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना लटकवू नका, कुंपणांत अडकतं. फ्रेमच्या आत आणि सीटखाली बांधा. पीबीपीचे दिवे काढू नका, बोगद्यात लागतील.

ल्योंचा हट्ट सोडा. माकोंच्या पुढे शहरापर्यंत वाहतूक वाढते आणि मजा उरत नाही. माकों-व्हील स्थानकातून प्रादेशिक गाडीने दिजों, तिथून दुसऱ्या गाडीने पॅरिस-बेर्सी, दोन्हीत सायकल आहे तशी चढते. गावाबाहेरच्या माकों-लोशे स्थानकावर जाऊ नका, ते टीजीव्ही या अतिवेगवान गाडीचं आहे आणि तिथे सायकल मोडून पिशवीत भरायला लावतील.